उंबराची भाजी



या व्याख्यानाचं निमंत्रण घेऊन जे कुटुंब माझ्या घरी आलं, त्यांनी दोन अटी घातल्या. पहिली अट अशी की व्याख्यान पणजींच्या स्मरणार्थ असलं तरी पत्रिकेवर त्यांचं नाव छापायचं नाही आणि मीही ते भाषणात घ्यायचं नाही. हयातीत त्यांनी कुठल्याच पाटीवर नाव लावू दिलं नव्हतं. देवळाला घंटा दिली, तीही बिननावाची. दुसरी अट, चहा भाषणाआधी द्यायचा. लोकांना ताटकळत ठेवलेलं पणजींना खपत नसे. दुसरी अट पाळली गेलेली तुम्ही पाहिलीत. पहिली मी पाळते.

नाव घेता येत नाही, पण त्यांच्या घरी ऐकलेली एक गोष्ट सांगायला मनाई नाही.

पणतू झाला की पणजीच्या डोक्यावर सोन्याची फुलं उधळायची आपल्याकडे रीत आहे. पणतूचं तोंड पाहिलेल्या माणसाला स्वर्गाचं दार उघडं असतं म्हणतात. तर या घरातही पणतू झाला, पणजींना पाटावर बसवलं. फुलांसाठी वेगळं सोनं आणायची ऐपत होती, पण पणजींनी ऐकलं नाही. स्वतःची एक जुनी अंगठी सोनाराकडे पाठवून तिचीच पातळ पत्र्याची 21 फुलं करून घेतली. ओवाळलं, फुलं उधळली, फोटो निघाले. मग फुलं गोळा करायला घेतली तर भरली 20. पोरं म्हणाली, जाऊ दे, सापडेल नंतर. पणजी पाटावरून उठल्या, पदर खोचला, जेवायला आलेल्या पन्नास माणसांना सतरंजीवरून उठवलं आणि केरसुणी घेऊन स्वतः खोली झाडायला लागल्या. फूल सापडलं दाराच्या उंबऱ्याच्या फटीत. ते कनवटीला लावून बाई तशाच आत गेल्या, आमटीत पाणी वाढवायला लागेल का ते बघायला.

सोहळा त्यांचा आणि केरही त्यांनीच काढायचा. हे ऐकलं तेव्हा मी हसले होते, तुम्हीही आता हसलात. पण घरी गेल्यावर ते मला काही सुचू देईना, आणि आज ज्या बाईंबद्दल बोलायचं ठरवलं त्या मला तिथून आठवल्या. त्यांचं नाव घ्यायला हरकत नाही. उलट घेतलंच पाहिजे. हौसाताई पाटील. जन्म 1926, मृत्यू 23 सप्टेंबर 2021. पंचाण्णव वर्षांचं आयुष्य. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या कन्या.

पाहिलंत, मीसुद्धा तेच केलं. नाव सांगितलं आणि पाठोपाठ वडील सांगितले. आपल्या जिल्ह्यात हौसाताईंचं नाव वडिलांशिवाय कुणी घेत नाही, आणि त्यात गैर काही नाही, बाप तसाच मोठा होता. पण आज मला त्यांची ओळख दुसऱ्या नात्यानं करून द्यायची आहे. हौसाताई ही एका आजीची नात होती. त्या आजीचं नाव गोजराबाई.

आपल्या मिरजेहून पुण्याकडे जाणाऱ्या पॅसेंजरमध्ये बसलात, की सांगली, माधवनगर, नांद्रे, भिलवडी मागे पडतात, किर्लोस्करवाडी येते, मग ताकारी, भवानीनगर, शेणोली आणि कराड. तुमच्यापैकी निम्म्यांनी हा प्रवास डुलक्या काढत केला असेल. हौसाताईंच्या आयुष्यातली बरीच मोठी गोष्ट या चार-पाच स्टेशनांच्या आसपास घडली. तेव्हा ही लाईन मीटरगेज होती, मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वेची. आणि तेव्हा सांगली जिल्हाही नव्हता. मिरज पटवर्धनांच्या संस्थानात, कुंडल औंधकरांकडे, आणि नानांचं येडे मच्छिंद्र वाळवा तालुक्यात, म्हणजे इंग्रजांच्या सातारा जिल्ह्यात. गाव सोडून दोन-चार कोस चाललं की राज्य बदलायचं. भूमिगतांना याचा फार उपयोग झाला. घरी राहिलेल्यांना काही झाला नाही, कारण घर हलवता येत नाही.

नाना तलाठी होते. 1930 मध्ये नोकरी सोडून ते कायदेभंगात उतरले. तलाठ्याची नोकरी म्हणजे त्या काळी गावात मोठं स्थान. त्याआधीच, हौसा तीन वर्षांची असताना, तिची आई वारली होती. त्या काळात हिंदुस्थानातल्या माणसाचं सरासरी आयुर्मान सुमारे 27 वर्षं होतं. या आकड्यात लहानपणी गेलेली मुलं आहेत तशाच बाळंतपणात, तापात, साथीत गेलेल्या तरण्या बायकाही आहेत. त्या दिवसांत बिनआईची पोर ही काही नवलाई नव्हती. नवलाई असेल तर पुढची: बाप कधी तुरुंगात, कधी रानात, सरकारनं घर जप्त केलेलं, जमीन जप्त केलेली, आणि उरली एक म्हातारी आणि एक पोरगी.

नानांवर पुस्तकं आहेत, पोवाडे आहेत, पुतळे आहेत. गोजराबाईंची तारीख-तिथीसुद्धा कुठे लागत नाही. त्यांच्याबद्दल जे काही कळतं ते नातीनं म्हातारपणी सांगितलं म्हणून. पत्रकार पी. साईनाथ यांनी 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहासाठी हौसाताईंच्या मुलाखती घेतल्या, त्यांच्यावर लिहिलं. त्या बोलण्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते: आजी राबायची. जमीन गेलेली, त्यामुळे स्वतःच्या गावात दुसऱ्याच्या रानात मजुरी. कालपर्यंत जी तलाठ्याची आई होती, तिनं आज लोकांच्या बांधावर खुरपं घेऊन बसायचं. तुम्ही म्हणाल, कामाला कसली लाज. काम करणाऱ्याला नसेलही, पण गावाला असते, आणि गाव ती बोलून दाखवल्याशिवाय राहत नाही.

शिवाय काम मिळायचंही कठीण. नाना पाटलाच्या घराला मदत केली तर पोलीस आपल्या दारात येतील ही धास्ती. चांगली माणसंसुद्धा दिवसाउजेडी काही द्यायला धजत नसत. कुणी लपूनछपून मूठभर काही दिलं तर दिलं. अशा दिवसांत या आजी-नाती उंबराची कच्ची फळं तोडून आणायच्या आणि शिजवून त्यांची भाजी करायच्या.

इथे मला जरा थांबायचं आहे. उंबर आपण सगळ्यांनी पाहिलाय. पिकलेलं फळ फोडलं की आत चिलटं. 'उंबरातले किडे' हा शब्द आपण माणसांसाठीही वापरतो. कच्ची फळं तुरट, चिकाळ. चिरली की बोटं चिकानं काळी पडतात, शिजवून पाणी काढल्याशिवाय घशाखाली उतरत नाहीत. त्यात तेल किती आणि मीठ किती हे तुम्हीच समजून घ्या. आणि आता तुमच्या गाडीचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. भिलवडीला उतरून कृष्णेच्या काठानं गेलात की औदुंबर. दत्ताचं ठाणं. आपल्या घरातल्या बायका तिथे जाऊन उंबराला प्रदक्षिणा घालतात, फळ प्रसाद म्हणून पदरात बांधून आणतात, ते चुकून पायाखाली आलं तर हात जोडतात. त्याच कृष्णेच्या खोऱ्यात, थोड्या कोसांवर, एक म्हातारी त्याच झाडाचं फळ चुलीवर रटरटत ठेवून बसली आहे. मी भाविक बाई आहे, दर वर्षी औदुंबरला जाते. पण हे वाचल्यापासून तिथली फळं उचलताना माझा हात थोडा अडखळतो.

पुढे मामानं त्यांना एक बैलजोडी आणि गाडी दिली. ती आली तेव्हा घराला पोट भरायचं साधन आलं. गाडीत गूळ, शेंगा, ज्वारी भरायची आणि पोचवायची. ताकारीपर्यंत गेलं तर 3 रुपये, कराडपर्यंत गेलं तर 5. हे आकडे हौसाताईंना नव्वदीतही तोंडपाठ होते. मला हे फार बोलकं वाटतं. क्रांतीच्या तारखा सांगताना म्हातारी माणसं अडखळतात, पण गाडीभाडं विसरत नाहीत. ताकारीच्या फेरीला 3 रुपये म्हणजे बैलांचा कडबा, गाडीचं वंगण, वाटेतली भाकरी सगळं त्यातच. येताना गाडी रिकामी आली तर तो अर्धा दिवस फुकट. आज ताकारी स्टेशनवर तुमची पॅसेंजर मिनिटभर थांबते. पुढच्या वेळी खिडकीतून बाहेर बघा.

आता हौसाताईंची जी गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे ती भवानीनगरची. साल 1943. नानांच्या प्रतिसरकारचा, लोकांच्या तोंडी 'पत्री सरकार'चा, जोर चढत होता. जी. डी. बापू लाड आणि कॅप्टन भाऊ यांच्या तुफान सेनेला, म्हणजे प्रतिसरकारच्या लढाऊ दलाला, हत्यारं हवी होती. भवानीनगरच्या पोलीस चौकीत बंदुका होत्या. त्या काढायच्या कशा? चौकीसमोर नवरा-बायकोचं भांडण उभं करायचं ठरलं. बायको झाली सतरा वर्षांची हौसा. 'नवऱ्या'नं तिला भररस्त्यात मारायला सुरुवात केली, ओढलं, आपटलं आणि शेवटी डोक्यात घालायला मोठा दगड उचलला. चौकीतले पोलीस सोडवायला धावत बाहेर आले. तेवढ्यात साथीदार मागून आत शिरले आणि हत्यारं घेऊन पसार.

ही गोष्ट सभेत सांगितली की हशा आणि टाळ्या हमखास. मीही शाळेत मुलांना अशीच सांगत आले. पण एक तपशील त्या सभांमध्ये गळतो. मार खरा होता. नाटक वाटू नये म्हणून त्या माणसानं हात राखला नाही, आणि त्याबद्दल हौसाताईंनी नंतर त्याला चांगलं सुनावलं. साठ-सत्तर वर्षांनीही ही गोष्ट सांगताना त्यांचा पहिला राग तोच असायचा, इंग्रजावरचा नंतर. आणि दुसरं असं, की ही युक्ती का चालली? तर रस्त्यात नवरा बायकोला बडवतोय हे दृश्य पोलिसांना नवं नव्हतं. शंका घ्यायला त्यात काही नव्हतंच. कटाची हुशारी मानायची तर त्याच्या बुडाशी ही समाजाची सवय होती, हेही मानावं लागेल. इतिहासाच्या पुस्तकात हे लिहीत नाहीत. मी शिक्षिका होते तोवर मीही वर्गात कधी म्हटलं नाही, आता निवृत्त आहे.

त्याच वर्षी, 7 जूनला, थोडं पुढे शेणोलीला तुफान सेनेनं पुणे-मिरज गाडी अडवली. गाडीत सरकारी पगाराची रक्कम होती. आपल्या मिरजेत येणारी गाडी होती ही, मंडळी. कॅप्टन भाऊ शेवटपर्यंत 'लूट' या शब्दावर चिडायचे. आपल्याच लोकांकडून लुटलेला पैसा परत आणला, असं त्यांचं म्हणणं. शेणोलीला आज त्याचं स्मारक आहे.

मग गोवा. इथे माझ्यातली शाळामास्तरीण एक कोटी केल्याशिवाय राहणार नाही: पुढे जी पणजीच्या वयाला पोचली, तिनं ऐन तारुण्यात पणजी गाठली होती. पोर्तुगिजांच्या तुरुंगात बाळ जोशी हा साथीदार अडकला होता. हौसाताई त्याची बहीण म्हणून भेटायला गेल्या. सुटकेचा बेत एका कागदावर लिहिलेला, तो कागद अंबाड्यात. पोर्तुगिजांच्या पहारेकऱ्याला बाईच्या अंबाड्याची झडती घ्यायचं सुचलं नाही. परतीची वाट सरळ नव्हती, पोलिसांचा डोळा होता. रात्री मांडवी ओलांडायची होती, आणि मांडवीला पात्र किती ते तुम्हाला माहीत आहे. नाव नव्हती. एका लाकडी पेटीवर पालथं झोपून त्या पलीकडे गेल्या. पुढे जंगलातून पायी.

आणि या सगळ्या वेळात घरी तान्हं मूल होतं.

हे वाक्य उच्चारलं की सभागृहात एक सुस्कारा येतो, आत्ताही आला. 'आई असून गेली!' बाप गेला तर आपण सुस्कारा टाकत नाही. नाना वर्षानुवर्षं भूमिगत होते, घरी लेक होती. त्यांना कुणी विचारलं नाही की नाना, पोरगी कुणाजवळ ठेवलीत? मला तो सुस्कारा नको आहे. मला वेगळा प्रश्न पडतो, आणि तो अगदी घरगुती आहे. मूल कुणी सांभाळलं? कुणीतरी त्याला दूध पाजलं असणार, रात्री उठून झोळीला झोका दिला असणार, लंगोट वाळत घातले असणार. ज्या हातांनी ते केलं ते हात त्या मोहिमेत होते की नव्हते? ज्या कुणी बाईनं ते केलं, तिनं मांडवी ओलांडली नाही. पण ती नसती तर हौसाताईंनीही ओलांडली नसती.

माझ्या म्हणण्याचा गाभा इथे आहे. आपण म्हणतो, बायकांनी चळवळीला 'साथ दिली'. हा शब्द मला पटत नाही. साथ तबलजी देतो, आणि मिरजेच्या माणसाला तबल्याची किंमत मी सांगायला नको. साथीदाराशिवाय मैफल अडखळत का होईना, होते. इथे तसं नव्हतं. रात्री दोनला दार वाजतं, बाहेर दहा माणसं, सगळी भुकेली, आणि पहाटेच्या आत त्यांना गाव सोडायचं आहे. घरात पीठ आहे का? नसेल तर जात्यावर बसायचं. पण जात्याची घरघर रात्रीची दूर जाते, शेजारी ऐकेल, पाटलाला कळेल. मग संध्याकाळीच जास्तीचं दळून ठेवायचं, रोज, कुणी येवो न येवो. त्या जास्तीच्या पिठावर पत्री सरकार चाललं असं मी म्हणते तेव्हा माझे इतिहासाचे सहकारी मला म्हणतात, बाई, पुरावा काय. बरोबर आहे. भूमिगत माणूस कागद ठेवत नाही, आणि भाकरीची पावती नसते.

पावती नसल्याचा परिणाम पुढे पेन्शनमध्ये दिसला. स्वातंत्र्यसैनिक सन्मान योजनेत तुरुंगवासाचा किंवा तशाच काही हालअपेष्टांचा दाखला लागतो. पुरुषांना तुरुंगवास किमान सहा महिने, बायकांना तीन महिने. सवलत दिली, चांगलं केलं. पण जी तुरुंगात गेलीच नाही, कारण ती गेली असती तर चूल बंद पडली असती, तिनं कसला दाखला आणायचा? हे फक्त आपल्याकडचं नाही. तिकडे बंगालात पुरुलिया जिल्ह्यात भवानी महातो नावाच्या एक बाई होत्या. साईनाथ त्यांना भेटायला गेले तर त्या म्हणाल्या, स्वातंत्र्यलढ्याशी माझा काय संबंध, मी फक्त स्वयंपाक करत होते. कुणासाठी? जंगलात लपलेल्या क्रांतिकारकांसाठी. किती जणांचा? पंगतीच्या पंगती. शिवाय घरची शेती, घरची माणसं. 'फक्त' हा शब्द सगळ्या भाषांत बायकांनीच का वापरायचा, मला कळत नाही. आमच्या बिननावाच्या पणजीही म्हणायच्या म्हणे, मी काय केलं, फक्त घर केलं.

कासेगावच्या इंदुताई पाटणकर या हौसाताईंच्याच पिढीतल्या. त्याही लढ्यात, त्यांचे पती बाबूजीही. स्वातंत्र्य आलं, आणि 1952 मध्ये बाबूजींचा खून झाला. लहान मूल पदरी. इंदुताईंनी नोकरी केली, मूल वाढवलं, ते मूल म्हणजे आजचे डॉ. भारत पाटणकर. अमेरिकेत वाढलेल्या गेल ऑम्वेट सून म्हणून त्याच घरात आल्या. इंदुताई 2017 मध्ये गेल्या. म्हणजे लढ्यातली पाच-सहा वर्षं, आणि त्यानंतरची सत्तर वर्षं. गौरवग्रंथ पाच-सहा वर्षांचा निघतो.

हौसाताईंचंही तेच. पती भगवानराव मोरे-पाटील स्वतः लढ्यातले. 1946 नंतर वॉरंटं उठली, पुढे नाना 1957 मध्ये उत्तर साताऱ्यातून आणि 1967 मध्ये बीडमधून लोकसभेत गेले. आणि हौसाताई घरी. शेती, जनावरं, मुलं, सुना, नातवंडं. विट्याच्या बाजूचा तो दुष्काळी मुलूख. 1972 चा दुष्काळ तुमच्यातल्या ज्येष्ठांनी पाहिलाय. त्या वर्षांवर मला सांगण्यासारखी एकही 'घटना' नाही, आणि तेच त्या वर्षांचं स्वरूप आहे. तरी माझ्या समाधानासाठी मी एक हिशेब मांडला. 2019 मध्ये केंद्र सरकारनं देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बाईची त्यात रोजची सरासरी 299 मिनिटं गेलेली दिसली, पुरुष ते करतच असेल तर त्याची 97. आता नळ आहे, गॅस आहे, गिरणी आहे, तेव्हाची ही 299. रोजचे पाच तास धरा, वयाच्या दहाव्या वर्षापासून पंच्याऐंशीपर्यंत धरा. होतात 1,36,875 तास. दिवसरात्र एकसलग मांडले तर साडेपंधरा वर्षं. मांडवीची रात्र एक होती.

हिशेब कच्चा आहे, मला माहीत आहे. एक तर जात्याच्या काळाला आजची मिनिटं पुरत नाहीत. दुसरं म्हणजे घरातलं सगळं काम ओझंच होतं असं मानणंही खोटं ठरेल. माझी स्वतःची पणजी दळायला बसायची तेव्हा कुणी तिच्या हातातला खुंटा धरायला गेलं तर तिला चालायचं नाही. मी तिच्या मांडीला टेकून बसायचे. तिच्या उजव्या तळव्याला अंगठ्याच्या खाली एक घट्टा होता, चिंचोक्याएवढा, गुळगुळीत. गिरणी आली, जातं सुटलं, तरी तो घट्टा गेला नाही. शेवटच्या आजारपणात ती दुसऱ्या हाताच्या बोटानं तो चाचपत पडायची. तिला विचारलं असतं, हे काम तुझ्यावर लादलं का, तर तिनं मला वेड्यात काढलं असतं. पण तिला कुणी विचारलं नव्हतं, हेही तितकंच खरं. दोन्ही गोष्टी एकाच तळव्यावर होत्या.

बायांचं कुटुंबावरचं प्रेम आपण फार सोज्वळ करून ठेवलं आहे, तसबिरीसारखं. गोजराबाईंचं नातीवरचं प्रेम तसं असेल असं मला वाटत नाही. दुसऱ्याच्या रानातून संध्याकाळी आलेली बाई पोरीला कुरवाळत बसत नाही. ती आधी चुलीत काटक्या सारते आणि पोरीला पाणी आणायला पिटाळते. ते प्रेम तोंडानं बोलत नसे, ते राबत असे. आणि म्हणूनच त्या आजीच्या हाताखालची पोरगी सतराव्या वर्षी भररस्त्यात मार खाऊन उभी राहू शकली, असं मी समजते. नानांकडून तिला ध्येय मिळालं असेल. हाडं आजीकडून मिळाली.

2017 च्या जूनमध्ये तुफान सेनेच्या हयात शिलेदारांचा सत्कार झाला. महात्माजींचे नातू गोपाळकृष्ण गांधी त्यासाठी आले होते, कॅप्टन भाऊ होते, हौसाताई होत्या. पुढच्या वर्षी, 2018 च्या नोव्हेंबरात, देशभरचे शेतकरी दिल्लीला मोर्चा घेऊन निघाले. तेव्हा कॅप्टन भाऊंनी आणि हौसाताईंनी त्यांना पाठिंब्याचा निरोप बोलून पाठवला. बाईंचं वय 92. शेतमालाला भाव द्या, हा मुद्दा. मला आश्चर्य वाटलं नाही. ताकारीपर्यंत 3 रुपये, कराडपर्यंत 5, हा हिशेब जिच्या डोक्यात पक्का होता, तिला भाव म्हणजे काय ते सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नव्हता.

आणि एक प्रसंग. साईनाथ मुलाखत आटोपून निघाले तेव्हा हौसाताईंनी विचारलं, मग आता मला बरोबर नेणार का? त्यांना वाटलं बाईंना कुठेतरी जायचंय. कुठे, असं त्यांनी विचारलं. तर त्या म्हणाल्या, तुमच्या सगळ्यांबरोबर काम करायला. नव्वदी उलटलेली बाई. सत्कार झाले होते, शाली अंगावर पडल्या होत्या. मागणं एवढंच, की काही काम असेल तर सांगा.

मला वेळेचं भान ठेवायला सांगितलं आहे, समोर घड्याळही दिसतंय. फक्त त्या सोन्याच्या फुलांचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं, आणि अध्यक्षांनी मघाशी मला चिठ्ठी पाठवून तेच विचारलं आहे. मी घरच्यांना विचारलं होतं. पाचव्या दिवशी पणजींनी 21 फुलं पुन्हा त्याच सोनाराकडे पाठवली आणि अंगठी घडवून आणायला सांगितली. ती सुनेच्या बोटात गेली. वजन केलं तेव्हा गुंजभर घट आली. त्या सोनाराशी पणजी पुढची अकरा वर्षं बोलल्या नाहीत.